आमचे चित्रपट आणि आमचा अपेक्षाभंग



चित्रगृहांतील दिवे लागतात, माणसें डोळे चोळीत बाहेर पडतात, आणि पायऱ्या उतरतां उतरतां कोणीतरी म्हणतो, "छे! पैसे फुकट गेले." हें वाक्य आपण सर्वांनींच केव्हां ना केव्हां उच्चारलें आहे. मी कांहीं चित्रपटांचा जाणता टीकाकार नव्हें. वर्षांतून तीन-चार चित्रपट पाहणारा, आणि तेहि बहुधा मुलानातवंडांच्या आग्रहास्तव पाहणारा, असा एक साधा प्रेक्षक आहें. परंतु सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें एक खोड जडली आहे. कोणतीहि गोष्ट समोर आली कीं तिच्या मागचीं पंचवीस-पन्नास वर्षें चाळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाहीं. चित्रपटांच्या यशाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आज मी त्यांच्यामुळें झालेल्या अपेक्षाभंगाचा इतिहास थोडक्यांत सांगणार आहें.

प्रथम हा अपेक्षाभंग इतका झोंबतो कां, तें पाहूं. बाजारांत लुगडें घ्यावयाचें झालें तर त्याचा पोत हातानें चाचपून पाहतां येतो. आंबे घ्यावयाचे झाले तर वास घेतां येतो. पुस्तकसुद्धां चार पानें चाळून मग विकत घेतां येतें. चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याचे दाम आधीं मोजावयाचे आणि माल मागाहून पाहावयाचा. तो न आवडल्यास परत करण्याची सोय नाहीं. तेव्हां प्रेक्षक भरंवसा ठेवतो तो जाहिरातीवर, नटाच्या नांवावर, किंवा शेजाऱ्याच्या शब्दावर. तिकीट काढतांना तो खरें म्हणजे एक वचन विकत घेत असतो. तें वचन मोडलें कीं त्याला जो राग येतो, तो गेलेल्या पैशांपेक्षां झालेल्या फसवणुकीचा असतो. एवढें ध्यानांत ठेवून आपण एकेका जातीच्या चित्रपटाकडे वळूं.

आरंभ पौराणिक चित्रपटांपासून करणें योग्य होईल, कारण आपल्याकडील चित्रपटांचा आरंभच तेथून झाला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यानंतर चार वर्षांनीं, १९१७ सालीं, त्यांनीं 'लंकादहन' काढला. या चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषानें केल्या होत्या. विचार करा: आवाज नाहीं, रंग नाहींत, आणि सीतामाई म्हणून पडद्यावर आलेला पुरुषच थोड्या वेळानें रामचंद्र होऊन येतो! आजच्या एखाद्या मुलास हें सांगितलें तर तो पोट धरून हसेल. परंतु तेव्हांचे लोक हसले नाहींत. पडद्यावर प्रभु रामचंद्र दिसतांच प्रेक्षक पायांतले जोडे काढून ठेवीत, अशी आठवण सांगितली जाते. 'लंकादहन'नें फाळक्यांना अमाप यश दिलें.

आतां १९३३ सालाकडे या. बोलपट येऊन दोन वर्षें झालीं होतीं. कोल्हापुरास जन्मलेल्या प्रभात कंपनीनें शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखालीं 'सैरंध्री' हा बोलपट रंगांत काढावयाचें ठरविलें. येथें रंग छापण्याची सोय नसल्यामुळें तें काम जर्मनीस न्यावें लागलें. केवढा हा खटाटोप! रंगीत चित्रपट येणार म्हणून लोकांची उत्सुकता शिगेस पोंचली. परंतु पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहींत, आणि प्रेक्षक हिरमुसले होऊन घरीं परतले. याच कथेवर तेरा वर्षांपूर्वीं, १९२० सालीं, बाबूराव पेंटर यांनीं मूकपट काढला होता. त्यांत रंगहि नव्हते आणि शब्दहि नव्हते. तरी त्यांतील कीचकवध पाहून माणसें इतकीं हादरलीं कीं तो भाग पुढें कापावा लागला.

'सैरंध्री'नंतर नव्वद वर्षांनीं, १६ जून २०२३ रोजीं, रामकथेवरील 'आदिपुरुष' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ओम राऊत, म्हणजे मराठी माणूस. खर्चाचे आंकडे शेंकडों कोटींत बोलले जात होते. आधल्या वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याची झलक दिसली, तेव्हांच संगणकावर रचलेलीं दृश्यें पाहून लोकांनीं नाकें मुरडलीं होतीं. तीं सुधारण्यासाठीं प्रदर्शन जानेवारीवरून जूनपर्यंत लांबणीवर टाकलें गेलें. तरी व्हावयाचें तें झालेंच. आणि योगायोग असा कीं, लोक सर्वांत अधिक संतापले ते लंकादहनाच्याच प्रसंगावर! त्या प्रसंगीं मारुतिरायांच्या तोंडीं घातलेली भाषा चव्हाट्यावरच्या टवाळ पोरास शोभणारी होती. गवगवा इतका झाला कीं थोड्याच दिवसांत कांहीं संवाद बदलावे लागले.

हीं दोन लंकादहनें एकमेकांशेजारीं ठेवून पाहा. पहिल्याजवळ साधनें नव्हतीं म्हटलें तरी चालेल; दुसऱ्याजवळ साधनांस तोटा नव्हता. दोघांनीं वचन मात्र एकच दिलें होतें: "या, तुम्हांला रामकथेचें दर्शन घडवितों." प्रेक्षक साधनांची उणीव पोटांत घालतो; भावाची उणीव त्याच्यानें पोटांत घालवत नाहीं. 

पण लोक नेहमीं भावच पाहतात असें म्हणूं गेल्यास फाळक्यांचें चरित्र आडवें येतें. 'आलम आरा' या पहिल्या बोलपटानें १४ मार्च १९३१ रोजीं पडद्याला वाचा दिली. फाळक्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट त्यानंतर, १९३२ सालीं, तयार झाला. लोकांना मुकें चित्र रुचेनासें झाल्यामुळें त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. पुढें १९३७ सालीं त्यांनीं कोल्हापुरास 'गंगावतरण' हा आपला एकुलता एक बोलपट काढला. त्याला यश लाभलें नाहीं, आणि तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते वारले. ज्या माणसानें लोकांना चित्रपट पाहावयास शिकविलें, त्यालाच मागें टाकून लोक पुढें निघून गेले होते. फाळक्यांचा भाव तोच होता; प्रेक्षकांची संवय बदलली होती. म्हणजे अपेक्षाभंगाचा दोष दर वेळीं चित्रपटाच्याच पदरीं घालतां येत नाहीं, ही गोष्ट येथें प्रथम ध्यानांत येते.

ऐतिहासिक चित्रपटाचें वचन पाळणें त्याहून अवघड, कारण इतिहासांतील थोर व्यक्तींचें चित्र प्रेक्षकानें लहानपणापासून मनांत रंगविलेलें असतें. सोहराब मोदी यांनीं 'पुकार' (१९३९) आणि 'सिकंदर' (१९४१) या चित्रपटांनीं सारा देश गाजविला होता. १९५३ सालीं त्यांनीं 'झांसी की रानी' काढला. टेक्निकलर पद्धतीनें रंगविलेला हा हिंदुस्थानांतील पहिला चित्रपट. 'गॉन विथ द विंड' या गाजलेल्या अमेरिकन चित्रपटाचे छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलर यांना त्यासाठीं मुद्दाम पाचारण केलें होतें. राणीची भूमिका मोदींच्या पत्नी मेहताब यांनीं केली. खर्च अपरंपार झाला, आणि चित्रपट पडला. मोदींना त्याचा फार मोठा फटका बसला. प्रेक्षकांना राणी वयानें थोर वाटली. काशीस जन्मलेली तांब्यांची मनू ग्वाल्हेरजवळ रणांत पडली, तेव्हां तिनें तिशीहि गांठली नव्हती. आणि मेहताब यांनीं ती केव्हांच ओलांडली होती. घोडे खरे, किल्ला खरा, रंग विलायती. परंतु जिच्यासाठीं लोक आले होते ती मनांतली राणी कांहीं त्यांना भेटली नाहीं.

त्याच १९५३ सालीं आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' पडद्यावर आला. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला, काळापांढरा चित्रपट. त्यांत किल्ला नाहीं, सैन्य नाहीं, एक कोंकणांतलें घर आणि एक आई. वनमालाबाईंनीं आई उभी केली, माधव वझे यांनीं श्याम उभा केला, आणि महाराष्ट्रानें पदरानें डोळे पुसले. राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक याच चित्रपटास मिळालें. मनांतली मूर्ति पडद्यावर भेटली कीं प्रेक्षक रंग मागत नाहीं.

येथवर मी बहुतेक ठिकाणीं प्रेक्षकांच्या बाजूनें बोललों. आतां सामाजिक चित्रपटांकडे येतांना मला आपली बाजू थोडी सोडावी लागेल.

१९५९ सालीं गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' प्रदर्शित झाला. गुरुदत्त मूळचे पुण्याच्या प्रभात कंपनींत उमेदवारी केलेले. सिनेमास्कोप नांवाच्या रुंद पडद्यासाठीं काढलेला हा आपल्या देशांतील पहिला चित्रपट. एका चित्रपट-दिग्दर्शकाचा उत्कर्ष आणि ऱ्हास ही त्याची कथा. अखेरीस तो दिग्दर्शक ओस पडलेल्या स्टुडिओंत आपल्या जुन्या खुर्चींत बसून प्राण सोडतो. लोकांना तो अत्यंत उदास वाटला, आणि त्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. यानंतर गुरुदत्तांनीं दिग्दर्शक म्हणून आपलें नांव पुन्हा कोणत्याहि चित्रपटास दिलें नाहीं. १० ऑक्टोबर १९६४ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते गेले. आज तोच चित्रपट देशोदेशींचे रसिक वाखाणतात. त्यांतील अंधारांत उतरणारा प्रकाशाचा झोत टिपणारे व्ही. के. मूर्ति यांना पुढें दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले छायाचित्रकार. पण या साऱ्या कौतुकाचा गुरुदत्तांना काय उपयोग?

दुसरें उदाहरण माझ्या स्वतःच्या घरचें आहे. राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' डिसेंबर १९७० मध्यें प्रदर्शित झाला. आमच्या तालुक्याच्या गांवीं तो बऱ्याच दिवसांनीं आला. चार तासांहून अधिक लांबीचा आणि दोन मध्यंतरांचा खेळ. राज कपूर म्हणजे गाणीं आणि हंशा, असा वडिलांचा हिशेब. पहिल्या मध्यंतरांत आईनें आम्हां भावंडांना शेंगदाणे घेऊन दिले. दुसऱ्या मध्यंतरांत पुन्हा शेंगदाणे पाहून आम्हांला हसूं आलें, आणि तेवढाच काय तो त्या रात्रीचा विनोद! धाकटी बहीण वडिलांच्या खांद्यावर झोपून गेली. परततांना वडील रस्ताभर अबोल होते. घराचें कुलूप काढतां काढतां म्हणाले, "याच पैशांत तुमच्या वह्या झाल्या असत्या." साऱ्या देशानेंहि जवळजवळ तोच निकाल दिला, आणि राज कपूर कर्जांत बुडाले. १९७३ सालीं 'बॉबी' चालला, तेव्हां कोठें ते सांवरले.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, केंस पिकल्यावर, मीं तो चित्रपट दूरदर्शनसंचावर पुन्हा पाहिला. त्याच्या पहिल्या भागांत राजू नांवाचा एक गुबगुबीत शाळकरी पोर आहे. त्याचें आपल्या शिक्षिकेवर मन बसतें, आणि तिच्या लग्नांत तो हंसऱ्या चेहऱ्यानें उभा राहतो. ती भूमिका बाल ऋषि कपूरनें केली होती. तिच्यासाठीं त्याला राष्ट्रीय पुरस्कारहि मिळाला. बारा वर्षांच्या मला त्यांत कांहीं दिसलें नव्हतें. तीस वर्षें वर्गांत उभा राहिल्यावर मला तो पोर ओळखूं आला. दर वर्षीं कोणत्या ना कोणत्या बाकावर तो बसलेला असे, आणि माझें लक्ष नसे. चित्रपट तोच होता, त्याची लांबीहि तीच होती, आणि शेवटचा भाग मला अजूनहि लांबलेलाच वाटतो. परंतु "पैसे फुकट गेले" असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

ओघांत आलें आहे म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. माझ्या वर्गांत एक मुलगा गणितांत आणि इतिहासांत सारखाच नापास होई. एकदां मीं त्याला उभें करून, "तुझ्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं," असें सर्वांदेखत म्हटलें. पुढच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. पंधराएक वर्षांनीं तो मला बाजारांत भेटला. पंचक्रोशींतल्या विहिरींवरचे पंप बिघडले कीं लोक त्यालाच बोलावणें धाडीत. त्यानें वांकून नमस्कार केला, माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली, आणि जुन्या गोष्टीचा शब्दहि काढला नाहीं. तेव्हांपासून पहिल्या पाहण्यांत दिलेल्या निकालाची मला थोडी भीति वाटते, मग तो मुलाचा असो कीं चित्रपटाचा.

साहसी चित्रपटांत हा पहिल्या पाहण्याचा घोटाळा आणखीच ठळक दिसतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं 'शोले' प्रदर्शित झाला, तेव्हां पहिल्या कांहीं दिवसांत चित्रव्यवसायांतील जाणत्यांनीं तो पडल्याचें जाहीर करून टाकलें होतें. पण ज्यांनीं तो पाहिला ते घरोघरीं बोलत राहिले, आणि हळूहळू चित्रगृहें भरूं लागलीं. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो पांच वर्षें मुक्कामास राहिला! पुढें तर त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिकासुद्धां खपल्या. त्याच कथेची नवी आवृत्ति २००७ सालीं रामगोपाल वर्मा यांनीं आपलें नांव जोडून 'आग' या नांवानें काढली. पहिल्या चित्रपटांतील जय, म्हणजे अमिताभ बच्चन, या वेळीं खलनायक झाले. हा चित्रपट असा कांहीं आपटला कीं त्याचें नांव अजून थट्टेंतच निघतें. येथें मात्र काळानें निकाल फिरविलेला नाहीं, आणि तो फिरेल असें मलाहि वाटत नाहीं. दुसऱ्याच्या पुण्याईवर काढलेलें कर्ज प्रेक्षक व्याजासह वसूल करतो.

विनोदी आणि भीतिदायक चित्रपटांविषयीं थोडक्यांत सांगतों. विनोद हा लोणच्यासारखा आहे. तो मुरावा लागतो. १९९४ सालचा 'अंदाज अपना अपना' चित्रगृहांत फारसा चालला नाहीं. पण पुढें घरोघरच्या दूरदर्शनसंचांवर तो पुनःपुन्हा लागला, आणि आज कॉलेजांतलीं मुलें त्यांतील वाक्यें एकमेकांस ऐकवितात. भयपटाचें उदाहरण आपल्या कोंकणांतलें आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ सालीं आला, तेव्हां भुताच्या चार किंकाळ्या ऐकण्यासाठीं आलेल्या कित्येकांना त्यांत पाऊस, पडका वाडा आणि माणसाचा हावरेपणाच दिसला. गल्ला बेताचाच जमला. सहा वर्षांनीं, सप्टेंबर २०२४ मध्यें, तो पुन्हा चित्रगृहांत लावला, तेव्हां पहिल्या वेळेपेक्षां अधिक पैसा त्यानें मिळविला. चित्रपटांत बदल झाला नव्हता. या वेळीं आपण काय पाहावयास जात आहों, हें लोकांना ठाऊक होतें, इतकाच फरक.

या साऱ्या उदाहरणांवरून मला असें वाटूं लागलें आहे कीं, ज्याला आपण सरसकट 'निराशा' म्हणतों तिच्या तीन जाती आहेत. पहिली, चित्रपटानें स्वतः दिलेलें वचन मोडल्याची. 'आदिपुरुष' आणि 'आग' यांनीं आपल्याला ती दिली, आणि तेथें प्रेक्षकाचा राग न्याय्य आहे. दुसरी, ऐपतीबाहेरच्या गोष्टीला हात घातल्याची. 'सैरंध्री'च्या रंगांची निराशा ती ही. हिच्यापुढें थोडें नमून वागावें, कारण कोणीतरी फसल्याशिवाय दुसऱ्याला वाट सांपडत नाहीं. तिसरी, चित्रपटानें न दिलेलें वचन आपणच त्याच्यावर लादल्याची. 'कागज के फूल' आणि 'जोकर' हिचे बळी. या तिसऱ्या जातीचा दोष आपल्याकडे येतो, आणि नेमका तोच आपण कधीं कबूल करीत नाहीं.

माझा आग्रह एवढाच आहे कीं निकालाची घाई नको. 'शोले'च्या वेळीं लोकांच्या तोंडची वार्ता गांवोगांवीं पसरावयास कांहीं आठवडे मिळाले, म्हणून तो चित्रपट वांचला. आज मध्यंतराच्या चहाबरोबरच प्रेक्षक हातांतल्या भ्रमणध्वनीवरून निकाल जगभर धाडतो, आणि शुक्रवारीं लागलेला खेळ पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकेल कीं नाहीं, याची कोणी हमी देत नाहीं. अशा काळांत 'तुंबाड'सारखी दुसरी संधि एखाद्यालाच मिळते. वाईट चित्रपटास वाईट म्हणण्याचा हक्क तिकिटाबरोबरच आपल्या हातीं येतो. तो मुळींच सोडूं नये. परंतु पहिल्या रात्रीं "मला आवडला नाहीं" इतकेंच म्हणावें, आणि "तो वाईट आहे" हें म्हणावयास चार दिवस थांबावें. त्या चार दिवसांत एखादें दृश्य, एखादा चेहरा मनांत परत येऊन उभा राहिला, तर तिकिटाचा हिशेब पुन्हा मांडावा.

माझे वडील आतां नाहींत. तो पोर आपल्या शिक्षिकेच्या लग्नांत हंसत उभा असलेला त्यांना एकदां परत दाखवावयास हवा होता, असें मात्र राहून राहून वाटतें.